माझ्या मुलीचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदा बाहेरचे वक्ते बोलवायचे नाहीत, आपल्यातल्याच कोणीतरी आपला अनुभव सांगायचा, असे चिटणीसबाईंनी ठरवले. मी म्हटले, माझा अनुभव लोणच्याचा आणि भिशीचा. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं सांगा." मी दोन दिवस उत्तर दिले नाही. घरी जाऊन मुलीला विचारले. ती आता सोळा वर्षांची आहे. तिचे दुखणे चारचौघांत मांडायचे तर परवानगी तिचीच हवी. ती म्हणाली, "सांग, पण मी रडले ते सांगू नको." तेव्हा ते सांगत नाही, बाकीचे सांगते. नावही घेत नाही. तुम्ही सगळ्या तिला ओळखता, पण हे स्मरणिकेत छापून येणार आहे.

२०१५ सालची गोष्ट. तेव्हा आम्ही नागपुरात नव्हतो. ह्यांची नोकरी पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्यात होती, सासूबाई आमच्याजवळ होत्या. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. दिवाळी होऊन थंडी पडली आणि एका रात्री ती उठून बसली. "आई, पायाच्या आत दुखतंय." मी लसूण घालून तेल गरम केले, चोळले, पाय मांडीवर घेऊन बसले. पहाटे झोप लागली. मला वाटले, खेळून दमली असेल. पण दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. चार दिवसांनी आपोआप थांबले. महिन्याभराने पुन्हा सुरू झाले, या वेळी मांडीत.

शेजारच्या काकू म्हणाल्या, हाडे वाढतात म्हणून दुखतात, सगळ्याच मुलांचे दुखतात. हे खोटे नाही. वाढीच्या वयात पुष्कळ मुलांचे पाय रात्री दुखतात. पण तसे मूल रात्री कण्हले तरी सकाळी उठून उड्या मारते. आमची मुलगी सकाळी भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची. हा फरक मला दिसत होता, पण दिसणे आणि बोलून दाखवणे यांत फार अंतर असते.

सासूबाईंचे म्हणणे वेगळे. "काही नाही वं, पोरगी शाळेत जायले कंटाळते. नाटकं करते." मी रागावले, पण खरे सांगते, दोन-तीनदा माझ्याही मनात ते आले. एकदा मी तिला दुखत असताना तयार करून शाळेत पाठवले. दुपारी शिक्षिकेने घरी आणून सोडले. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

मग डॉक्टर झाले. मोठे नाव असलेले, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही असे. त्यांनी रक्त तपासायला सांगितले. रिपोर्टात एएसओ नावाचा एक आकडा होता. कागदावर मर्यादा दोनशेची, हिचा चारशे. डॉक्टर म्हणाले, हा संधिवाताचा ताप आहे, वेळीच सावरले नाही तर हृदयाच्या झडपा खराब होतात. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायचे, अनेक वर्षे.

भगिनींनो, हे ऐकून माझे हातपाय गार पडले, त्याला कारण आहे. माझ्या मावशीची मुलगी झडपेच्याच रोगाने गेली. तिला लहानपणी हेच इंजेक्शन सांगितले होते. दुखते म्हणून, दवाखाना लांब म्हणून घरच्यांनी ते मध्येच सोडले. लग्न होऊन पहिल्या बाळंतपणात ती गेली. तेव्हा हे इंजेक्शन काय वाचवते ते मला कोणी शिकवायला नको होते. मी देवाचे आभार मानले की आमचे वेळेवर कळले.

जानेवारी २०१६ पासून इंजेक्शने सुरू झाली. ज्यांनी ते घेतले आहे त्यांनाच ठाऊक ते किती दुखते. मी कालनिर्णयवर एकवीस-एकवीस दिवस मोजून लाल गोल करायची. त्याच कॅलेंडरवर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख आणि भिशीची तारीख. दुखण्याच्या दिवसावर फुली मारायची, का कोण जाणे, सवयच लागली. वर्ष संपले तेव्हा भिंतीवरून कॅलेंडर काढताना पहिल्यांदा सगळे गोल आणि सगळ्या फुल्या मी एकत्र पाहिल्या.

गोल आणि फुल्या यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. इंजेक्शन झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही फुली होती. फुल्यांचा संबंध दुसऱ्याच गोष्टींशी होता. थंडीच्या महिन्यांत फुल्या दाट. जुलैत ती शाळेतून पावसात भिजून आली, त्या रात्री फुली. एप्रिलमध्ये लग्नाच्या वऱ्हाडात दिवसभर उन्हात, पाणी नाही, त्या रात्री फुली. ताप आला की फुली. मी कॅलेंडर रद्दीत टाकले नाही. गुंडाळी करून कपाटावर ठेवले.

आणखी दोन गोष्टी मनात सलत होत्या. डॉक्टर सांधे म्हणत होते, आणि मुलगी बोट ठेवून दाखवायची ती जागा सांध्याची नसायचीच. नडगीचे हाड, मांडीचे हाड, कधी पाठीचा कणा. गुडघा लाल होऊन सुजला आहे असे मी एकदाही पाहिले नाही. दुसरे म्हणजे तिचा रंग. चेहरा फिकट, डोळे पिवळसर. कावीळ म्हणून एका ठिकाणची मुळीसुद्धा बांधून झाली. रक्त कमी म्हणून लोहाच्या टॉनिकच्या बाटल्या संपल्या. हिमोग्लोबिन आठच्या वर सरकेना.

ही गुंडाळी घेऊन मी पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी गेले. वाटेत वाक्य पाठ करत होते. "डॉक्टरसाहेब, इंजेक्शन चालू असून दुखणं तसंच आहे. हे दुसरं काही असू शकेल का?" एवढेच वाक्य. डॉक्टरांनी कॅलेंडर उलगडले नाही. मला विचारले, "शिक्षण किती झालंय तुमचं?" मी म्हटले, "सातवी." ते म्हणाले, "मग डॉक्टरकी माझ्याकडे राहू द्या." बाकावर बसलेले लोक हसले. मीही हसले, दुसरे काय करणार. घरी येऊन पोळ्या करताना मात्र तवा दोनदा जाळला.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते हे मुद्दाम सांगते. गरिबांचे पैसे घेत नसत. पण त्या दिवसानंतर पाच महिने मी तोंड उघडले नाही. ह्यांनी एकदा म्हटले, दुसऱ्या कोणाला दाखवू या. मीच नको म्हटले. मावशीची मुलगी डोळ्यांपुढे यायची. मी शंका काढायची, इंजेक्शन सुटायचे, आणि पुढे काही झाले तर? एकीकडे कॅलेंडर, एकीकडे ती. दुखण्याबद्दल शंका घेणे सोपे नसते बायांनो. बाहेरून दिसते तसा तो शहाणपणा नसतो. पोटात भीतीचा गोळा असतो.

मे २०१७ मध्ये दिराच्या लग्नाला आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात सासरच्या गावी गेलो. तिथले ऊन तुम्हाला सांगायला नको. हळदीच्या रात्री मुलीच्या पाठीत आणि दोन्ही पायांत असे दुखणे उठले की तिला कूस बदलता येईना. मांडव सोडून आम्ही तिला आरोग्यकेंद्रात नेले. तिथे एक वयस्कर सिस्टर होत्या. त्यांनी आधी पाणी पाजले, सलाईन लावायची तयारी केली, आणि मग मला तीन प्रश्न विचारले.

"गाव कोणतं तुमचं? माहेर कोणतं?" मी सांगितले. माहेर गडचिरोली जिल्ह्यातले.

"ही वर्षाची असताना हातापायांचे पंजे सुजले होते का?"

मी चमकले. सुजले होते! अकरा महिन्यांची असताना दोन्ही हात वरून फुगले होते, तान्ह्या पोराचे हात जणू वडे. आम्ही दृष्ट काढली, मुंगळा चावला असेल म्हणून चुना लावला, आठवड्यात उतरले आणि आम्ही विसरलो. दीड वर्षाच्या औषधपाण्यात हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

तिसरा प्रश्न, "सिकलची टेस्ट केली का कधी?"

त्यांनी बोटातून थेंबभर रक्त घेऊन एका नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकले. थोड्या वेळाने नळीमागे रेघा मारलेला कागद धरला. नळी गढूळ झाली होती, रेघा दिसेनात. सिस्टर म्हणाल्या, "सिकल आहे. पण नुसती वाहक आहे की रोगी, हे या तपासणीत कळत नाही. पुढची तपासणी करा, तुम्हा दोघांचीही करा." पुढची ती इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी. रिपोर्ट आला. आम्ही दोघे वाहक, म्हणजे एएस. मुलगी एसएस, म्हणजे रोगी.

हा रोग काय आहे ते मला नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावले, ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नळीतूनही वाकून जातात. या रोगात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. थंडी, ताप, दमणूक, अंगातले पाणी कमी होणे, यांनी त्या जास्त वाकड्या होतात. मग त्या बारीक रक्तवाहिनीत अडकतात, पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही, आणि ते हाड ओरडते. माझ्या कॅलेंडरवरच्या फुल्या म्हणजे हेच. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्यासारखी १० ते २० दिवसांत मरते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. लोहाचे टॉनिक कितीही ओतले तरी उपयोग नव्हता, कारण लोह कमी नव्हतेच. अशा मुलांना न तपासता लोह देऊ नये असे त्यांनी बजावले.

आणि तो चारशेचा आकडा? घसा येऊन गेला की त्याची खूण रक्तात काही महिने राहते, तेवढेच तो आकडा सांगतो. शाळेत जाणाऱ्या पुष्कळ निरोगी मुलांत तो वाढलेला सापडतो. संधिवाताच्या तापात मोठे सांधे सुजतात, एक बसला की दुसरा उठतो, आणि काही दिवसांत, काही आठवड्यांत ते बरे होतात. आकडा, सांधे, हृदय, सगळे मिळून निदान करायचे असते.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण उद्या कोणी म्हणेल की या बाईने इंजेक्शन बंद करायला सांगितले. मी स्वतः ते बंद केले नाही. सिकलचा रिपोर्ट हातात आल्यावरही नाही. पुढची तारीख आली तेव्हा सव्वीसावे इंजेक्शन दिले. मग बालरोगतज्ज्ञांनी हृदयाची टू-डी इको तपासणी केली, झडपा स्वच्छ निघाल्या, जुने सगळे कागद पाहिले, आणि त्यांनी लिहून दिले की याची गरज नाही. तेव्हा थांबवले. ज्या मुलाला खरोखर संधिवाताचा ताप झाला आहे त्याचे इंजेक्शन एकही चुकवू नये. माझ्या मावशीचे घर पाहा.

त्या पहिल्या डॉक्टरांकडे मी पुन्हा गेले. सासूबाई म्हणाल्या, जायचे काय कारण? पण मला जायचे होते. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. या वेळी कॅलेंडरही पाहिले. म्हणाले, "माझ्या डोक्यात आलं नाही. इकडे असे पेशंट क्वचित येतात. तुमचं मूळ गाव मी विचारायला हवं होतं." मी काही बोलले नाही. भांडायचे पुष्कळ ठरवून गेले होते, पण तो माणूस खाली मान घालून बसला होता. पुढे तिथल्या एका जुन्या शेजारणीचा फोन आला की डॉक्टर आता विदर्भातल्या माणसाला आधी गाव विचारतात.

घरातले मात्र सोपे नव्हते. रोग रक्तातून आलेला म्हटल्यावर पहिला प्रश्न, कोणाच्या रक्तातून? लग्नघरातल्या बायकांनी लगेच सांगून टाकले, माहेरचे असणार, गडचिरोलीचे. मी रिपोर्ट पुढे ठेवला. हा रोग एकाकडून येऊच शकत नाही. एक हिस्सा आईचा, एक बापाचा, दोन्ही मिळाले तरच मूल रोगी. एकच मिळाला तर ते वाहक, त्याला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, आयुष्यभर कळतही नाही. नवराबायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक संधी रोगी मुलाची, दोन वाहकाच्या, एक निर्दोष मुलाची. एक मूल रोगी झाले म्हणजे पुढची तीन सुटली असा हिशेब काही जणी करतात. तसे नाही. दर वेळी चिठ्ठी नव्याने टाकली जाते. आमचा धाकटा वाहक निघाला.

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माझे दोन भाऊ असेच गेले वं. हाडं दुखू दुखू. एक सात वर्षांचा, एक नऊ. बाहेरचं लागलं म्हणत होते तवा." साठ वर्षे त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः म्हणाल्या, माझेही रक्त तपासा. त्याही वाहक निघाल्या. तेव्हापासून मुलगी दुखते म्हणाली की पाण्याचा तांब्या आधी त्यांच्या हातात असतो.

हा आजार आपल्याकडे नवा नाही, ओळख नवी. अमेरिकेत १९१० साली हेरिक नावाच्या डॉक्टरांनी विळ्यासारख्या पेशींचे पहिले वर्णन छापले, भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत सापडला. आपल्या विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, मेळघाट, आणि तिकडे नंदुरबार, या भागांत तो पुष्कळ आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे वाहक मुले हिवतापातून जास्त वाचली, म्हणून तो टिकला असे सांगतात. केवळ आदिवासींचा रोग म्हणून नाक मुरडणाऱ्या बायका मी याच गल्लीत पाहिल्या आहेत. तो इतर अनेक जातींतही आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची असे त्यात ठरले. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीतही हा आजार आहे.

मुलीचे आता कसे, हे तुम्ही विचाराल. रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, ठरल्या वेळी रक्ताची तपासणी. गोळ्या आम्हाला सरकारी दवाखान्यातून मिळतात. न्यूमोनियाची लस दिली आहे. पूर्वी वर्षाला सात-आठदा दुखणे यायचे, आता एखाद-दुसऱ्यांदा. बरी झाली असे मी म्हणत नाही. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, किंवा चेहरा एकाएकी पांढरा पडला, तर रात्री दोन वाजताही आम्ही रिक्षा काढतो, सकाळची वाट पाहत नाही. शाळेत पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या आणि थंडीत मैदानावर बसवू नका, एवढे दोन वाक्यांचे पत्र मी दर जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांना देते. एका वर्षी एका शिक्षिकेने तिला सगळ्यांपुढे "आजारी मुलगी" म्हटले. त्याबद्दल काय झाले ते लेक सांगू देत नाही.

तिच्या लग्नाचे काय, हा प्रश्न मला हळदीकुंकवात तीनदा विचारून झाला आहे. आधी तिला दहावी होऊ द्या. पण ज्यांची मुले लग्नाची आहेत त्यांनी पत्रिकेबरोबर हा एक कागद पाहावा, हे मी आग्रहाने म्हणते. दोघांतला एक जरी निर्दोष असला तरी मूल रोगी होत नाही. दोघे वाहक असून लग्न झालेच असेल, तर दिवस राहिल्यावर लवकर डॉक्टरांकडे जावे, गर्भाची तपासणी करता येते. कोणी काय ठरवावे ते मी सांगणार नाही, ते ज्याचे त्याने.

मंडळाच्या कार्यकारिणीने माझी विनंती मान्य केली आहे आणि पुढच्या शनिवारी दुपारी याच सभागृहात बोटातून रक्त घेऊन तपासणी होणार आहे. आजवर अकरा नावे आली, अकराही बायकांची. एकट्या बाईच्या तपासणीने निम्मेच कळते, तेव्हा घरातल्या पुरुषांची आणि मुलांचीही नावे लिहा. कोणी म्हणाले, मला काय धाड भरली आहे, तर त्यांना सांगा, आमच्या ह्यांनाही काही धाड भरली नव्हती. यादी कपाटाजवळच्या टेबलावर आहे. पेन दोरीने बांधून ठेवले आहे, गेल्या वेळचे कोणीतरी घरी नेले.